वेड पांघरून पेडगावला जाणारी मेथड

शनिवारी दुपारी बॅग पाठीला लावून हॉस्टेलच्या गेटबाहेर पडलो की कुणी ना कुणी हटकतोच, "काय रे, वेड पांघरून पेडगावला का?" तीन वर्षे झाली, हा विनोद काही जुना व्हायला तयार नाही. कारण माझे गाव खरोखरच पेडगाव आहे! तालुका परभणी, जिल्हा परभणी. परभणीहून मनमाडच्या दिशेने निघालात की मानवत रोडच्या अलीकडे पेडगाव नावाचे छोटेसे स्टेशन लागते, तेच.

म्हणीतले पेडगाव मात्र आमचे नव्हे. ते भीमेच्या काठी श्रीगोंदा तालुक्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. तिथे बहादूरगड आहे. मराठ्यांच्या एका लहान तुकडीने हल्ल्याचे नुसते सोंग केले, मोगल सरदार बहादूरखान फौज घेऊन तिच्या मागे धावला आणि इकडे रिकामी पडलेली छावणी दुसऱ्या मोठ्या तुकडीने लुटली, अशी गोष्ट सांगतात. म्हणीचा अर्थ तर सगळ्यांना ठाऊक आहे. वरून भोळेपणाचे सोंग घ्यायचे आणि आतून भलतेच काम उरकायचे.

आता तुम्ही म्हणाल, प्रोग्रॅमिंगच्या लेखात हे गावपुराण कशाला? सांगतो. मागच्या वर्षी मी एक मेथड लिहिली होती. नाव साधे, चेहरा भोळा आणि आतून लूट! तिच्यामुळे आपल्याच हॉस्टेलमधला एक ज्युनिअर चार रात्री उपाशी झोपला. गंमत म्हणजे कोड तपासणाऱ्या टूलने त्या मेथडला एकही चूक दाखवली नव्हती. ती मेथड कुठे चुकली, टूलला ती का सापडली नाही आणि आपण काय करायला हवे, हे सांगण्यासाठी हा लेख.

एक खुलासा आधीच करतो. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसतात. म्हणून या लेखात मेथडची नावे लिहिताना दोन शब्दांमध्ये आडवी रेघ टाकली आहे, उदाहरणार्थ गेट-बॅलन्स. प्रत्यक्ष जावामध्ये ही रेघ टाकायची नाही, कारण कंपायलर तिला वजाबाकी समजतो. तिथे दोन्ही शब्द जोडून लिहायचे आणि दुसऱ्या शब्दाचे पहिले अक्षर कॅपिटल करायचे.

मेसचा हिशेब

तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टसाठी आमच्या चौघांच्या ग्रुपने मेसचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम घेतला. महिन्याच्या सुरुवातीला मुलगा ३,३०० रुपये भरणार, एका वेळच्या जेवणाचे ५५ रुपये कापले जाणार, म्हणजे ३० दिवसांची ६० जेवणे. घरी गेला तर खाडा लागणार. हिशेब इतका सरळ की व्हायवात काय विचारणार, असे आम्हाला वाटले होते.

काउंटरवरचा भाग माझ्याकडे होता. मुलाने ताट घेतले की मेसचे मामा त्याचे कार्ड लावणार आणि स्क्रीनवर शिल्लक दिसणार. मी गेट-बॅलन्स नावाची मेथड लिहिली. शिल्लक दाखवायच्या आधी त्या जेवणाचे ५५ रुपये तिच्यातच वजा करून टाकले. एका मेथडमध्ये दोन कामे झाली, चार ओळी वाचल्या. स्वतःवर खूशही झालो!

महिनाभर सगळे सुरळीत चालले. मग ग्रुपमधल्या मित्राने मेसच्या दारात जुना मॉनिटर बसवून "आपली शिल्लक पाहा" अशी सोय केली. त्याने माझा कोड उघडून पाहिला नाही आणि त्यात त्याची काहीच चूक नव्हती. गेट-बॅलन्स असे स्वच्छ नाव दिसल्यावर आत डोकावायचे कशाला? त्याने ती मेथड वापरली. त्या दिवसापासून नुसती शिल्लक पाहिली तरी ५५ रुपये कापले जाऊ लागले.

ज्यांच्या घरून हवे तेव्हा पैसे येतात ते शिल्लक बघायच्या भानगडीत पडत नाहीत. पहिल्या वर्षाचा एक मुलगा मात्र रोज रात्री जेवण झाल्यावर न चुकता बघायचा. १२ दिवसांत त्याची २४ जेवणे झाली होती, म्हणजे १,३२० रुपये. उरायला हवे होते १,९८० रुपये. पण १२ वेळा बघण्याचे ६६० रुपये वेगळे कापले गेले आणि स्क्रीनने त्याला दाखवले १,३२०. त्याने वहीत भागाकार केला. पैसे २४ जेवणांचे, दिवस उरले १८, जेवणे लागणार ३६. बारा जेवणे कमी पडत होती. घरी फोन करण्याऐवजी त्याने रात्रीचे जेवण बंद केले. ज्याला पैशाची सगळ्यात जास्त काळजी, त्याचेच पैसे सगळ्यात जास्त गेले!

पाचव्या रात्री मामांनी मला हाक मारली. "ते पहिल्या वर्षाचं पोरगं रात्रीला येईना झालंय. कामून रे? खाडा तर लावला नाही त्यानं." मामा आमच्या प्रोग्रॅमच्या जोडीला आपली जुनी वहीही भरत होते. त्या वहीत २४ जेवणे होती आणि आमच्या डेटाबेसमध्ये ३६ कपाती. त्या मुलाला विचारले तर म्हणाला, "दादा, मला वाटलं रेट वाढला असेल. कॉम्प्युटर कसा चुकेल?"

कॉम्प्युटर चुकला नव्हताच. चूक नावात होती.

नाव म्हणजे वचन

आमच्या रेल्वेलाइनवरचीच उदाहरणे घ्या. "परभणी जंक्शन" वाचले की इथून आणखी एक फाटा फुटतो हे कळते, तो परळीकडे जातो. "मानवत रोड" वाचले की मानवत गाव स्टेशनला लागून नाही, पुढे रस्त्याने जायचे आहे, हे कळते. "टर्मिनस" म्हणजे गाडी इथे संपली. प्रवाशाला नकाशा उघडावा लागत नाही, नावाच्या शेपटीवरूनच तो काय ते समजतो. खेड्यांच्या नावांतही बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे. पेडगावे दोन आहेत म्हणून आम्ही पत्त्यात तालुका आणि जिल्हा लिहितो. जावातले पॅकेजचे नाव हेच काम करते.

मेथडच्या नावाचेही तसेच आहे. ते वाचून दुसरा प्रोग्रॅमर आतला कोड न बघता पुढे जातो आणि त्याने तसे जावे म्हणूनच आपण नाव देतो. गंमत अशी की मेथडच्या नावांचे प्रकार आपल्या मराठी व्याकरणात शाळेपासून शिकलेले आहेत:

१. आज्ञा. "मामा, आजचं जेवण लिहा." काहीतरी करायला सांगणे. यात डेटा बदलतो. अशा मेथडचे नाव स्पष्ट क्रियापद असावे: ॲड, डिडक्ट, डिलीट, सेव्ह.

२. प्रश्न. "मामा, माझी शिल्लक किती?" यात फक्त उत्तर मिळते, वहीत काहीही बदलत नाही. जावात अशा नावाची सुरुवात गेट ने होते.

३. हो-नाहीचा प्रश्न. "हा सुट्टीवर आहे का?" नावाची सुरुवात इज किंवा हॅज ने होते आणि उत्तर फक्त ट्रू किंवा फॉल्स.

आता मामांना "माझी शिल्लक किती?" असे विचारल्यावर त्यांनी वहीत एक जेवण वाढवून ठेवले तर? मेसमध्ये भांडण होईल! माझी मेथड नेमके तेच करत होती. नाव प्रश्नाचे आणि काम आज्ञेचे.

हा नियम सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत "कमांड-क्वेरी सेपरेशन" या नावाने येतो. आयफेल भाषेचे जनक बर्ट्रांड मेयर यांनी तो मांडला. एका मेथडने एकतर काम करावे किंवा उत्तर द्यावे, विचारल्यामुळे उत्तर बदलता कामा नये. स्टॅकमधला पॉप हा मुद्दाम ठेवलेला अपवाद. तो वरचा घटक देतोही आणि काढतोही. पण पॉप हे नावच ते सांगते. नुसते बघायचे असेल तर पीक असते.

प्रत्येक भाषेची रीत

नाव कसे लिहायचे याच्या रिती भाषेनुसार बदलतात. सन कंपनीने जावाचे कोड कन्व्हेन्शन्स १९९७ मध्ये काढले आणि १९९९ मध्ये सुधारले. त्यानुसार क्लासचे नाव नाम असावे आणि कॅपिटलने सुरू व्हावे. मेथडचे नाव क्रियापद असावे आणि लहान अक्षराने सुरू व्हावे. पुढच्या प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर कॅपिटल, म्हणजे उंटाच्या पाठीसारखे मध्येच वर आलेले. म्हणून नाव पडले कॅमल केस.

पायथनमध्ये २००१ साली पेप-८ ही नियमावली आली. तिच्यात फंक्शनचे नाव सगळे लहान अक्षरांत आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर, म्हणजे स्नेक केस. सी-शार्पमध्ये मेथड कॅपिटलने सुरू होते. गो भाषेत तर कॅपिटल ही नुसती रीत राहिली नाही, तो भाषेचाच नियम झाला. पहिले अक्षर कॅपिटल असेल तरच ते नाव पॅकेजच्या बाहेर दिसते. रुबीची पद्धत मला सगळ्यात आवडते. तिथे हो-नाहीच्या मेथडच्या नावाच्या शेवटी चक्क प्रश्नचिन्ह लिहितात आणि जपून वापरायच्या मेथडला उद्गारचिन्ह. आपल्या "आहे का?" मधला "का" जणू त्यांनी उचलला!

यातली कोणती रीत चांगली यावर रात्रभर वाद घालण्यात अर्थ नाही. एका प्रोजेक्टमध्ये एकच रीत असावी, एवढे पुरे. आमच्या चौघांच्या कोडमध्ये आधी शिल्लक दाखवणाऱ्या तीन मेथड होत्या: गेट-बॅलन्स, शो-बॅल आणि डी-१. तिसरी काय करते हे ती लिहिणाऱ्यालाही आठवत नव्हते. सबमिशनच्या आदल्या रात्री असले कोडे सोडवत बसणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

तपासनीस काय करतो?

नियम आहेत म्हटल्यावर ते पाळले की नाही हे बघणारा कुणीतरी लागतो. माणूस कंटाळतो, म्हणून हे काम प्रोग्रॅमकडे दिले. याची सुरुवात बेल लॅब्जमध्ये झाली. स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी १९७८ मध्ये लिंट हा प्रोग्रॅम लिहिला. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेला धाग्यांचा भुगा. कंपायलर सोडून देतो तो असला बारीक कचरा वेचून काढणे हे त्याचे काम. जावासाठी चेकस्टाईल हे टूल ऑलिव्हर बर्न यांनी २००१ मध्ये सुरू केले. ते फुकट आहे आणि आजही वापरात आहे. पायथनसाठी पेप-८ याच नावाचे एक टूल होते. पण नियमावलीचे आणि टूलचे नाव एकच झाल्याने लोकांचा गोंधळ व्हायचा, म्हणून २०१६ मध्ये त्या टूलचे नाव बदलून पायकोडस्टाईल ठेवले. नावे तपासणाऱ्यालाच आपले नाव दुरुस्त करावे लागले!

चेकस्टाईल चालते कसे? ते प्रोग्रॅम रन करत नाही. सोर्स फाइल वाचते, तिचे टोकन पाडते आणि त्यांच्यापासून वाक्यरचनेचे झाड तयार करते. कंपायलर डिझाइनच्या पहिल्या युनिटमध्ये आपण शिकतो तेच. त्या झाडात जिथे मेथडची व्याख्या सापडेल तिथले नाव उचलते आणि एका रेग्युलर एक्स्प्रेशनशी ताडून बघते. साच्याचा अर्थ एवढाच: पहिले अक्षर इंग्रजीतले लहान असावे आणि पुढे फक्त इंग्रजी अक्षरे किंवा आकडे असावेत. बसले तर पास, नाही तर वॉर्निंग. ओळ किती लांब, कंस कुठे, मेथड किती ओळींची, असे इतर नियमही एक्सएमएल फाइलमध्ये लिहून देता येतात.

मी एक प्रयोग केला, तुम्हीही करून बघा. जावामध्ये नावे देवनागरीतही चालतात, कंपायलर तक्रार करत नाही. मी "शिल्लकसांग" नावाची मेथड लिहिली. ती फक्त शिल्लक सांगते, काहीही कापत नाही. आणि शेजारी माझी जुनी, पैसे कापणारी गेट-बॅलन्स ठेवली. मग चेकस्टाईल चालवले. प्रामाणिक मेथडला वॉर्निंग मिळाली आणि लुटारू मेथड पास झाली!

यात टूलचा दोष नाही. त्याला साचा दिला होता, त्याने साचा बघितला. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम आहेत. त्यातले १४ शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि ४ पुढे १९७२ मध्ये वाढले. हे अठराही नियम पाळून एखाद्याने अर्ज लिहिला, ऱ्हस्व-दीर्घ सगळे अचूक, तरी त्यातला मजकूर खोटा असू शकतो. शुद्धलेखन तपासणाऱ्याला ते कसे कळणार? आमच्या प्रोजेक्टला कोडिंग स्टाईलचे १० पैकी १० मार्क पडले होते. ते मार्क शुद्धलेखनाचे होते.

म्हणून टूल वापरू नये असे मात्र मुळीच नाही. कंस आणि कॅपिटलची कटकट टूलने संपवली की कोड वाचणाऱ्याला खऱ्या प्रश्नाकडे बघायला वेळ मिळतो, की नाव सांगते तेच आत घडते का? आम्ही वॉर्निंग शून्य दिसल्यावर वाचणेच थांबवले, तिथे चुकलो.

हे फक्त मेसपुरते नाही

हीच चूक मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. वेबवर ब्राउझर सर्व्हरला जी मागणी पाठवतो तिलाही मेथड म्हणतात आणि सर्वाधिक वापरली जाणारी मेथड गेट हीच आहे. गेटने फक्त माहिती आणावी, सर्व्हरवर काही बदलू नये, असे १९९९ च्या एचटीटीपीच्या नियमावलीतच लिहिले होते. तरी अनेकांनी "डिलीट" साठी साधी लिंक, म्हणजे गेटच, ठेवली होती. मे २००५ मध्ये गूगलने वेब ॲक्सिलरेटर काढले. वापरणाऱ्याने क्लिक करण्याआधीच ते पानावरच्या लिंक स्वतः उघडून ठेवायचे, म्हणजे पुढचे पान झटपट दिसावे. गेट म्हणजे नुसते बघणे, असा त्याचा विश्वास. त्याने डिलीटच्या लिंकही "बघितल्या" आणि काही वेब ॲप्लिकेशनमधला लोकांचा डेटा उडाला. आमच्या मेसच्या मॉनिटरची ही जागतिक आवृत्ती!

जावामध्येही हा धोका रोजचा आहे. गेट आणि सेट या नावांची रीत जावाबीन्समुळे पक्की झाली आणि तिच्या भरवशावर टूल्स ही नावे हुडकून मेथड आपोआप बोलावतात. ऑब्जेक्टचे जेसन करणाऱ्या जॅक्सनसारख्या लायब्ररी एकेक गेट चालवून किंमती घेतात. म्हणजे वेड पांघरलेल्या मेथडला पेडगावला पाठवणारे तुम्हीच असाल असे नाही, लायब्ररीही पाठवेल.

नावावर केवढी भिस्त असते हे वाय-टू-के च्या वेळी दिसले. वर्ष दोनच आकड्यांत साठवल्यामुळे २००० साली जुने प्रोग्रॅम गडबडणार होते. कोबोलच्या लाखो ओळींमध्ये तारखा कुठे आहेत हे शोधायचे काम टीसीएससारख्या भारतीय कंपन्यांकडे आले. पहिला माग नावांचाच. ज्या व्हेरिएबलच्या नावात डेट, डीटी किंवा इयर असेल ते टूलने उचलायचे. ज्याने तारखेला टेम्प-१ असे नाव दिले होते, त्याची तारीख या चाळणीतून निसटायची. मग ओळखीच्या तारखेपासून सुरू करून तिची किंमत कुठून कुठे जाते याचा पाठलाग करावा लागे. याला डेटा फ्लो ॲनालिसिस म्हणतात. एका माणसाने कंटाळून दिलेल्या नावाची किंमत वीस-पंचवीस वर्षांनी दुसऱ्याने मोजली.

या पाठलागाचे काम आपल्या महाराष्ट्रात मोठे झाले आहे. फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने पुण्यात १९८१ मध्ये टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर, म्हणजे टीआरडीडीसी, सुरू झाले. प्रोग्रॅम तपासणारे प्रोग्रॅम हा तिथल्या संशोधनाचा मोठा विषय. गाड्यांमधल्या सी कोडसाठी तिथे टीसीएस एम्बेडेड कोड ॲनालायझर हे टूल तयार झाले. वाहन उद्योगाची सी साठीची नियमावली मिस्रा-सी या नावाने १९९८ मध्ये आली. त्यात नावांचेही नियम आहेत, कारण ब्रेकच्या कोडमध्ये दोन सारख्या नावांची गल्लत झाली तर परिणाम मेसच्या ५५ रुपयांवर थांबत नाही. आयआयटी मुंबईचे प्रा. उदय खेडकर यांनी सहलेखकांसह लिहिलेले डेटा फ्लो ॲनालिसिसवरचे पुस्तक २००९ मध्ये निघाले. या विषयात पुढे जाणाऱ्यांनी ते जरूर चाळावे.

खोटे नाव पकडायचे कसे?

आता कामाचे बोलू. हे पाच उपाय उद्याच्या प्रॅक्टिकलपासून करता येतील.

१. नाव मोठ्याने मराठीत म्हणा. आज्ञा आहे, प्रश्न आहे की हो-नाही? मग मेथडमध्ये घडणारे सगळे एका वाक्यात सांगा. वाक्यात "आणि" आला की थांबा. "शिल्लक सांगते आणि पैसे कापते" यातल्या "आणि" वर मेथडचे दोन तुकडे करा.

२. दोनदा विचारा. हा माझा सगळ्यात लाडका उपाय. जेयुनिटमध्ये तीन ओळींची टेस्ट लिहा: गेट-बॅलन्स एकदा बोलवा, लगेच पुन्हा बोलवा, दोन्ही उत्तरे सारखी आहेत का बघा. ही टेस्ट आम्ही लिहिली असती तर पहिले उत्तर ३,२४५ आणि दुसरे ३,१९० आले असते आणि चोर तिथेच सापडला असता.

३. सी-प्लस-प्लसमध्ये कॉन्स्ट लिहा. प्रश्न विचारणाऱ्या मेंबर फंक्शनच्या कंसानंतर कॉन्स्ट लिहिले की आतून ऑब्जेक्टचा मेंबर बदलायचा प्रयत्न केल्यास कंपायलरच एरर देतो. इथे नावातले वचन कंपायलर पाळायला लावतो. जावात ही सोय नाही. कॉन्स्ट हा शब्द तिथे राखून ठेवला आहे, पण वापरात नाही. म्हणून जावात दुसरा उपाय जास्त महत्त्वाचा.

४. टूलकडून अर्थाचेही थोडे काम करून घ्या. पीएमडी या टूलमध्ये लिंग्विस्टिक नेमिंग नावाचा नियम आहे. गेट ने सुरू होणारी मेथड काहीच परत देत नसेल किंवा इज ने सुरू होणारीचे उत्तर बुलियन नसेल तर तो टोकतो. माझी मेथड मात्र यातूनही सुटली असती, कारण ती आकडा परत देत होती.

५. दुसऱ्याला वाचायला द्या. शेजारच्या खोलीतल्या मित्राला फक्त मेथडचे नाव दाखवा आणि आत काय असेल ते विचारा. तो जे सांगेल ते आत नसेल तर नाव बदला किंवा कोड बदला. रात्री अकराच्या चहाला एवढे काम सहज होते.

मामांनी हाक मारली त्याच रात्री आम्ही मेथडचे दोन तुकडे केले. गेट-बॅलन्स आता फक्त शिल्लक सांगते. पैसे कापणारीचे नाव डिडक्ट-मील आणि ती फक्त काउंटरवरून बोलावली जाते. त्या मुलाचे ६६० रुपये त्याच्या खात्यात परत जमा केले, आणखी काही जणांचेही केले. मॉनिटरवर चूक झाल्याची सूचना लावली. चार रात्रींची जेवणे मात्र कोणत्याच मेथडने परत करता येत नाहीत. मामा आजही जोडीला वही भरतात आणि आम्ही ती बंद करा असे आता म्हणत नाही. दर रविवारी वही आणि डेटाबेस ताडून बघायचे काम त्याच ज्युनिअरने आपणहून मागून घेतले आहे.

तर मित्रहो, जर्नल पूर्ण करताना, प्रोजेक्ट करताना, उद्या कंपनीत गेल्यावर टूल जरूर चालवा आणि वॉर्निंग शून्यावर आणा. मग टूल बंद करून प्रत्येक नाव एकदा माणसासारखे वाचा. नाव वाचून जो विश्वास ठेवणार आहे तो तुमच्यासमोर नसेल, कदाचित तो मेसच्या दारात उभा राहून वहीत भागाकार करत असेल.

आणि हो, येत्या शनिवारी मी गावी चाललो आहे. पेडगावलाच, पण वेड न पांघरता!

— अंतिम वर्ष, संगणक अभियांत्रिकी